रेडिओच्या पोटात नवा चेंजर : १९४८ नंतरची भानगड

इअरफोन लावलेत? मग आज एका लाकडी पेटीबद्दल बोलू.

१९४० च्या दशकातली अमेरिका. बैठकीच्या खोलीत कपाटाएवढा रेडिओ, आणि त्याच्याच एका खणात रेकॉर्ड चेंजर. मधल्या दांड्यावर रेकॉर्डची चळत ठेवायची, एक संपली की पुढची आपोआप धप्पकन खाली. हे लागायचं कशाला? तर ७८ च्या मोठ्या रेकॉर्डची एक बाजू चार-पाच मिनिटांत आटपायची. एक सिम्फनी ऐकायला चार रेकॉर्डी! गंमत म्हणजे चेंजरसाठी काढलेल्या संचात पहिल्या भागाच्या मागे दुसरा नसायचाच, आठवा असायचा. दुसऱ्याच्या मागे सातवा. चार बाजू संपल्या की चळत तशीच उलटी करायची, की पाचवा भाग सगळ्यांत आधी खाली. आपली प्लेलिस्ट बोटाने सरकते, त्यांची वजनाने पडायची.

मग १९४८ मध्ये कोलंबियाने ३३⅓ ची एलपी आणली आणि १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरने मोठ्या भोकाची, सात इंची ४५. घरातल्या महागड्या पेटीचं काय? मोटर एकाच वेगाची. सुई इंचाच्या तीन हजारांश जाडीची, एलपीच्या खाचेला हवी एक हजारांश. वर जुना जड आर्म. एलपी लावली तर खाच सोलूनच निघणार.

पेटी कोण टाकून देणार? रेडिओ उत्तम, लाकूड उत्तम. वेबस्टर-शिकागो, व्ही-एम अशा कंपन्यांचे तीन वेगांचे चेंजर बाजारात आले आणि लोकांनी जुना काढून नवा बसवायला सुरुवात केली.

इथे खरी गोची. चेंजर स्प्रिंगांवर तरंगतो, खाली यंत्रणा लोंबते, वर दांडा झाकणाला लागता कामा नये. प्रत्येक कंपनीच्या कापाचा आकार वेगळा. अनेकांनी सरळ करवत घेतली आणि मूळ फळी कापली. आज अशी पेटी हाती आली की जीव हळहळतो, कारण मूळ चेंजर नंतर सापडला तरी बसणार कुठे? शहाणपण एवढंच: मूळ फळी जपून ठेवा आणि नव्या प्लायवुडवर काप घ्या. (आत हात घालण्याआधी प्लग काढाच. पण कपॅसिटरमध्ये त्यानंतरही जबर व्होल्टेज उरतं, हे विसरू नका.)

कार्ट्रिजही बघा. जुना रेडिओ क्रिस्टल कार्ट्रिजच्या दणकट सिग्नलवर चालतो. आजचं मॅग्नेटिक जोडलं तर आवाज कुजबुजल्यासारखा येईल, मध्ये प्रीअँप लागेल. आणि क्रिस्टल म्हणजे रोचेल सॉल्ट, उष्ण दमट हवेत ते मरतं. मुंबईच्या पावसाळ्यात त्याचं काय होत असेल, सांगायला नको. सिरॅमिक बरं.

चोरबाजारातून अमेरिकन चेंजर उचलणार असाल तर आणखी एक. ट्रान्सफॉर्मर लावून २३० चे ११७ व्होल्ट होतात, पण आपल्या विजेची ५० हर्ट्झ फ्रिक्वेन्सी ६० होत नाही. मोटर तिच्यावरच फिरते. ७८ ची रेकॉर्ड ६५ वर येते. गायकाने सा लावला की ऐकू येतो मंद्र सप्तकातला ध! उपाय साधा आहे, मोटरच्या दांड्यावरची पुली एक पंचमांश जाड करून घ्यायची. ब्रिटनचे गॅरार्ड किंवा बीएसआर घेतले तर बहुधा हा व्याप नाही, तिथली वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची.

आणि ७८ चा वेग सोडू नका. १९६० च्या दशकात अमेरिकेत ७८ जवळपास संपली होती, तेव्हाही आपल्या डमडमच्या कारखान्यातून बीटल्सची गाणी ७८ वर निघत होती. आजच्या बऱ्याच टर्नटेबलांवर मात्र तो आकडाच नसतो. तेव्हा पैसे मोजण्याआधी वेगाचा खटका फिरवून बघा.