धातुशिल्पांचें शौच

लोणार येथें कांच व साबण यांस लागणारीं क्षारद्रव्यें मिळतात, असें आईन-इ-अकबरींत नमूद आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत तांबें, कांसें इत्यादिकांचें शौच क्षार, अम्ल व उदक यांनीं सांगितलें आहे. परंतु तेथील ‘यथार्ह’ या पदाकडे दुर्लक्ष होतें. घरांतील भांड्यास जें योग्य, तें उघड्यावरील शिल्पास योग्य नव्हे.

शिल्पकार करमरकरांनीं घडविलेला शिवछत्रपतींचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा १९२८ पासून पुण्यास ऊनपावसांत उभा आहे. अशा धातूवर कालांतरानें चढणारा घट्ट तपकिरी वा हिरवट थर हा मळ नसून कवच होय. चिंचेनें तो काढल्यास खालील ताजा धातु झिजूं लागतो. मात्र भुकटीसारखे फिके हिरवे ठिपके उमटल्यास तो क्षारजन्य रोग समजून तज्ज्ञास दाखवावा. एरव्हीं धूळ व पक्ष्यांची विष्ठा स्वच्छ पाण्यानें, मऊ कुंचल्यानें काढावी. शिल्प पूर्ण वाळल्यावर मेणाचा पातळ हात द्यावा.

बुलढाणा जिल्ह्यांत अध्यापक असतां आम्हींच विद्यार्थ्यांकडून एका पितळी मूर्तीच्या पीठावरील लेख चिंच व राखेनें उजळविला. त्यांतील चार अक्षरें आज लागत नाहींत, आणि त्यापूर्वीं आम्हीं ठसाही घेतला नव्हता. पोथीचें पान पिवळें पडलें म्हणून आपण तें घासत नाहीं; धातूसही तीच दया दाखवावी, इतकीच विनंति.