दुसरी एबीसीडी

मागच्या वर्षी ऑफिसच्या एका डॉक्युमेंटमध्ये मी लिहिलं की, या बदलाचा वेगावर होणारा परिणाम 'मिनस्क्युल' आहे. म्हणजे अगदी किरकोळ. त्यावर एकच कॉमेंट आली: स्पेलिंग चुकलंय, 'एन'नंतर 'आय' नाही, 'यू' हवा. खाली दोन हसरे इमोजी. मी मराठी माध्यमातला. इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, तरी असल्या कॉमेंटने कान गरम होतात. त्या रात्री चिडूनच या शब्दाच्या मागे लागलो.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'जरासं लहान'. इंग्रजीत तो फ्रेंचमार्गे 18व्या शतकाच्या सुरुवातीला आला, आणि आला तो अक्षरांसाठी. मिनस्क्युल म्हणजे लहान लिपीतलं अक्षर, आपण शाळेत 'दुसरी एबीसीडी' म्हणायचो ती. बाबांच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. ते अजून 'पहिली लिपी, दुसरी लिपी' म्हणतात. देवनागरीत हा प्रकारच नाही, त्यामुळे एका अक्षराची दोन रूपं कशाला, हे कोडं आपल्याकडच्या प्रत्येक पोराला एकदा तरी पडतं.

उत्तर मठांत आहे. रोमन शिलालेखांवर दिसतात ती पहिली एबीसीडीची अक्षरं. हाताने भराभर लिहिताना ती वळत, बदलत गेली, आणि 8व्या शतकापर्यंत पश्चिम युरोपात जागोजागी वेगळं वळण झालं. एका मठातलं पुस्तक दुसऱ्या मठात वाचताना अडखळायला व्हायचं. शार्लमेनच्या राज्यात गोल, सुटी, सहज वाचता येणारी लहान अक्षरं रुळली: कॅरोलिंजियन मिनस्क्युल. तूरच्या मठात 796 ते 804 या काळात अल्क्विन प्रमुख होता, तिथेही या लिपीत पुस्तकं उतरवली गेली. पुढे 1400च्या सुमारास फ्लोरेन्समधल्या पोज्जो ब्राच्चोलिनीसारख्या विद्वानांनी हे वळण प्राचीन मानून उचललं. प्रत्यक्षात ते सहाशे वर्षांपूर्वीचं होतं. त्यातूनच छपाईचा रोमन टाइप आला आणि आज आपल्या फोनवरची लहान इंग्रजी अक्षरंही त्याच घराण्यातली. (कॉम्प्युटरला मात्र ती उशिरा मिळाली. 1963च्या आस्कीत लहान अक्षरं नव्हती, 1967मध्ये आली.)

'अतिशय लहान' हा अर्थ 19व्या शतकाच्या अखेरीचा. आणि माझी 'आय'ची चूकही साधारण तेव्हापासूनची, खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनी केलेली! पुढे 'मिनी' शब्द आला, 1959ची मिनी कार, मग मिनीस्कर्ट, आणि सगळ्यांना वाटू लागलं की लहान म्हटलं की 'मिनी' असणारच. आता काही डिक्शनऱ्या 'आय'चं स्पेलिंगही नोंदवतात.

पण खरी गंमत 'मिनी'चीच. तो आला 'मिनिएचर'वरून, आणि मिनिएचरचा लहानपणाशी मुळात संबंधच नाही. लॅटिन 'मिनियम' म्हणजे शेंदूर, आपल्या मारुतीला लावतात तो. हस्तलिखितांतली मथळ्यांची अक्षरं त्याने रंगवत. त्या कामावरून पोथीतल्या चित्रांना मिनिएचर म्हणू लागले. चित्रं लहान असायची, म्हणून शब्दाला लहानपण चिकटलं. म्हणजे मी घातलेला 'आय' शेंदराचा होता.

दुसऱ्या दिवशी स्पेलिंग दुरुस्त केलं आणि कॉमेंट मिटवली. शेंदराबद्दल काही लिहिलं नाही. वेगावर नेमका किती परिणाम होतो, हे मात्र अजून कोणी तपासलेलं नाही.