बंडाची चोपडी पेढीच्या तिजोरीत

गावच्या पतपेढीत ज्याचे बचतखाते आहे, त्याला पासबुकाचे मोल सांगावे लागत नाही. आपण भरलेले पैसे पेढीच्या तिजोरीत आपल्या नावाने वेगळे बांधून ठेवलेले नसतात. ते कर्जरूपाने कोणाच्या घराच्या बांधकामात, कोणाच्या होडीच्या इंजिनात गेलेले असतात. आपल्या हाती उरते ती केवळ एक नोंद. त्या नोंदीवर आपला विश्वास असतो, म्हणूनच रात्री सुखाची झोप लागते. पैशाचा इतिहास हा एका अर्थी या नोंदवहीचा, म्हणजेच चोपडीचा इतिहास होय. ती लिहावी कोणी, तपासावी कोणी आणि तिच्यात खोट निघाली तर दाद मागावी कोणाकडे, हे त्यातील सनातन प्रश्न आहेत.

अलीकडे ‘बिटकॉइन’ हा शब्द आपल्या घरांतूनही ऐकू येऊ लागला आहे. तरुण मुले मोबाईलवर त्याचे भाव पाहतात आणि निवृत्तीची पुंजी हाती आलेले वडील विचारतात, “आता तर मोठमोठ्या बँकांनीच हे नाणे आपले म्हटले आहे, मग ते सुरक्षित झालेच की नाही?” प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर बाजारभावाच्या आलेखात सापडणार नाही. ते इतिहासात शोधावे लागेल. तोच अल्पसा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

फ्रान्सिस्कन गणितज्ञाची शिकवण

१४९४ साली व्हेनिस नगरात लुका पाचोली या फ्रान्सिस्कन संन्याशाने गणितावरील आपला बृहद्ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. त्याच्या एका भागात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची हिशेब लिहिण्याची रीत सविस्तर सांगितलेली आहे. ही रीत पाचोलींनी शोधून काढली नव्हती. व्यापारी ती पूर्वीपासून वापरीत होते. मात्र मुद्रणकलेच्या साहाय्याने ती सर्वदूर पोहोचविण्याचे श्रेय त्यांचे. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा, एकदा नावे आणि एकदा जमा. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली नाही तर कोठेतरी चूक आहे, हे चोपडी आपणहून सांगते. आजही आपल्या पेढ्यांत हिशेब लिहिला जातो तो याच द्विनोंदी पद्धतीने.

या पद्धतीला एक मर्यादा मात्र होती. चोपडी एकाच मालकाच्या घरी राही. मालकच अप्रामाणिक निघाला, तर दोन्ही बाजू खोट्या लिहून बेरीज बिनचूक जुळविणे त्याला अवघड नव्हते. म्हणूनच पुढील शतकांत हिशेबतपासनीस आले, कंपनी कायदे आले, मध्यवर्ती बँका आल्या. चोपडीवर पहारा, पहारेकऱ्यावर दुसरा पहारा, अशी ही उतरंड रचली गेली. आधुनिक बँकव्यवहार उभा आहे तो या उतरंडीवर.

नऊ पानांचे बंड

१५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतील ‘लेहमन ब्रदर्स’ या बलाढ्य वित्तसंस्थेने दिवाळे जाहीर केले आणि ही उतरंड हादरली. ज्यांनी पहारा द्यावयाचा, त्यांनाच तिजोरीत काय आहे याचा पत्ता नव्हता. सरकारांनी जनतेच्या पैशातून बँका सावरल्या. सामान्य माणसाचे घर मात्र जप्त झाले. लोकांचा रोष अनाठायी होता, असे कोण म्हणेल?

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला ‘सातोशी नाकामोतो’ या नावाने एक नऊ पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. हे नाव धारण करणारी व्यक्ती कोण, हे आजतागायत निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. निबंधातील कल्पना मात्र स्पष्ट होती. चोपडी एका पेढीत ठेवूच नये. तिच्या प्रती जगभरच्या संगणकांवर ठेवाव्यात. सुमारे दर दहा मिनिटांनी नव्या व्यवहारांचे एक पान तयार व्हावे आणि त्या पानावर आधीच्या पानाची गणिती मोहोर उमटावी. मागचे एखादे पान कोणी बदलले, तर त्यापुढील सर्व मोहरा फुटतात आणि लबाडी उघडी पडते. पानांच्या या साखळीलाच ‘ब्लॉकचेन’ म्हणतात. नवे पान लिहिण्याचा मान मिळविण्यासाठी संगणकांना प्रचंड आकडेमोड करावी लागते. जो जिंकेल त्याला मोबदला म्हणून नवी नाणी मिळतात. अशी नाणी एकूण २ कोटी १० लाखांहून अधिक कधीच निघणार नाहीत, हा नियमही आरंभीच घालून दिलेला आहे.

३ जानेवारी २००९ रोजी या चोपडीचे पहिले पान लिहिले गेले. त्यात कर्त्याने लंडनच्या ‘द टाइम्स’ दैनिकाचा त्या दिवशीचा मथळा गोवून ठेवला आहे. बँकांना दुसऱ्यांदा सरकारी मदत देण्याच्या बेतात ब्रिटनचे अर्थमंत्री आहेत, अशा आशयाचा तो मथळा होता. पहिल्या पानासाठी नेमकी हीच बातमी निवडली जावी, यावरून या बंडाचा रोख कोणावर होता हे ध्यानी येते. वाचकांनी हा मथळा स्मरणात ठेवावा. पुढे त्याचे पुन्हा प्रयोजन पडणार आहे.

मध्यस्थ परत आला

मध्यस्थ नको, ही प्रतिज्ञा उदात्त असली तरी आचरणास कठीण होती. या व्यवस्थेत पैशावर हुकूमत असते ती एका गुप्त किल्लीची, म्हणजे आकड्यांच्या लांबलचक मालिकेची. किल्ली हरवली की पैसा गेला; चोरीस गेली तरी गेला. तक्रार ऐकायला साहेब नाही, दाद मागायला खिडकी नाही. साहजिकच सामान्य माणसाने आपली किल्ली दुसऱ्याकडे सांभाळायला दिली. अशा रीतीने नाण्यांची देवघेव करणारी ‘एक्स्चेंजे’ जन्माला आली आणि हाकलून दिलेला मध्यस्थ मागील दाराने पुन्हा घरात आला. मात्र या वेळी त्याच्या पाठीशी ना कायदा होता, ना तपासनीस.

परिणाम व्हायचा तोच झाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोकियोचे ‘माउंट गॉक्स’ हे त्या काळातील अग्रगण्य एक्स्चेंज कोसळले. सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे त्याने जाहीर केले. त्यांतील सुमारे दोन लाख पुढे सापडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘एफटीएक्स’ने दिवाळे काढले. ग्राहकांनी विश्वासाने ठेवलेला पैसा संस्थापकाच्याच दुसऱ्या कंपनीच्या सट्ट्याकडे वळविण्यात आला होता. दिवाळखोरीनंतर कारभार हाती घेणाऱ्या अधिकाऱ्याने पूर्वी ‘एन्रॉन’सारख्या कुप्रसिद्ध कंपनीची आवराआवर केली होती, तरीही इतका ढिसाळ अंतर्गत कारभार आपण पाहिला नव्हता, असे त्याने न्यायालयास कळविले. खर्चाची मंजुरी तेथे संगणकीय गप्पांतील चित्रचिन्हांनी दिली जात असे! संस्थापक सॅम बँकमन-फ्राइड याला मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. या दोन्ही प्रकरणांत बिटकॉइनची मूळ साखळी मोडली नव्हती. तिची पाने अभंग होती. मोडला होता तो साखळीबाहेरील माणूस. पाचोलींच्या काळापासून व्यापाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली साधी हिशेबशिस्तही, अत्याधुनिक म्हणविणाऱ्या या पेढ्यांत नव्हती.

खिळ्यांची पिंपे आणि स्थिर नाणी

बिटकॉइनचा भाव समुद्राच्या लाटेसारखा वर-खाली होतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो सुमारे ६९,००० डॉलरवर होता. वर्षभरातच तो १६,००० डॉलरच्या खाली उतरला. अशा नाण्याने रोजचा व्यवहार कसा व्हावा? म्हणून ‘स्टेबलकॉइन’ अर्थात स्थिर नाणी निघाली. एका नाण्यामागे एक डॉलर आमच्याकडे ठेव म्हणून आहे, तुम्ही नाणे द्या, आम्ही डॉलर देऊ, असे त्यांच्या प्रवर्तकांचे अभिवचन असते.

इतिहासाच्या अभ्यासकाला हे अभिवचन ओळखीचे वाटेल. अमेरिकेत १८३७ नंतर सुमारे पाव शतक अनेक राज्यांत खाजगी बँका आपापल्या नोटा काढीत. मिशिगन राज्यात तर बँका पावसाळ्यातील भूछत्रांसारख्या उगवल्या. तपासनीस येणार असे कळले की पिंपात वर नाणी आणि खाली लोखंडी खिळे भरून ठेवीत, अशी त्या काळची कथा सांगतात. जेथे रानमांजरेच फिरतात अशा आडरानात कचेऱ्या थाटल्यामुळे त्यांना ‘रानमांजर बँका’ हे नाव पडल्याचे म्हणतात. दुकानदार गल्ल्याजवळ छापील पुस्तिका बाळगीत. कोणत्या बँकेची नोट किती कमी किमतीला घ्यावी, हे त्यांत दिलेले असे. सर्वच खाजगी बँका लबाड होत्या असे नव्हे. न्यूयॉर्कमधील बँका पुष्कळच स्थिर होत्या. तरीही अखेरीस १८६३ साली राष्ट्रीय बँकांचा कायदा झाला आणि १८६५ साली राज्य बँकांच्या नोटांवर दहा टक्के कर बसवून त्या चलनातून हद्दपार करण्यात आल्या.

स्थिर नाण्यांचीही कसोटी लवकरच लागली. मे २०२२ मध्ये ‘टेरा’ नावाचे नाणे कोसळले. त्यामागे डॉलरची ठेव नव्हतीच. त्याच मंडळींचे ‘लुना’ हे दुसरे नाणे आणि गणिती सूत्र यांवर सारा डोलारा उभा होता. त्याहून बोधप्रद घटना मार्च २०२३ ची. ‘यूएसडीसी’ हे प्रतिष्ठित नाणे. त्यामागे खरोखरीचे डॉलर होते. परंतु त्यांपैकी ३३० कोटी डॉलर ‘सिलिकॉन व्हॅली बँके’त ठेवलेले होते आणि १० मार्चला ती बँकच बुडाली. दुसऱ्या दिवशी त्या डॉलरच्या नाण्याचा भाव ९० सेंटच्याही खाली घसरला. १२ मार्चला अमेरिकन सरकारने बँकेच्या सर्व ठेवीदारांना अभय दिले, तेव्हा कोठे नाणे सावरले.

आता तो २००९ चा मथळा आठवावा. बँकांना मिळालेल्या सरकारी आधाराची बातमी पहिल्या पानावर मिरवीत ज्या चोपडीने आपला प्रवास आरंभिला, तिच्याच कुळातील एक नाणे चौदा वर्षांनी बँकेला मिळालेल्या सरकारी आधारानेच वाचले. इतिहास कधी कधी असा खिन्नपणे हसतो.

सावकारांचे मनपरिवर्तन

इकडे बँकांचेही मत हळूहळू पालटत होते. २०१७ साली ‘जेपी मॉर्गन’ बँकेचे प्रमुख जेमी डायमन यांनी बिटकॉइनला लबाडी म्हटले होते. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, त्यांच्याच बँकेने आपले स्वतःचे डिजिटल नाणे जाहीर केले. वरवर पाहता हा विरोधाभास वाटेल, पण त्यात सावकारी शहाणपण होते. बँकेला बिटकॉइन नको होते; तिला चोपडीची रीत हवी होती. आज प्रत्येक बँकेची चोपडी वेगळी आहे. एका देशातून दुसऱ्या देशात पैसे पाठविले, तर वाटेतील प्रत्येक पेढी आपली नोंद दुसरीच्या नोंदीशी ताडून पाहते. त्यात वेळ जातो आणि हशील पडते. सर्वांची मिळून एकच चोपडी असेल, तर ताडून पाहण्याचा हा खटाटोप पुष्कळसा वाचतो. मात्र बँकांना रुचलेली चोपडी सहसा सर्वांना खुली नसते. तिच्यात कोणी लिहावे, हे ठरविण्याचा अधिकार चालकांकडेच राहतो.

१० जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या रोखेबाजार नियामकाने बिटकॉइनवर आधारलेल्या अकरा फंडांना मंजुरी दिली. या फंडांचे भाग शेअरसारखे विकत घेता येतात. त्यांतील एक ‘ब्लॅकरॉक’ या जगातील सर्वांत मोठ्या गुंतवणूक संस्थेचा आहे. बिटकॉइन म्हणजे काळ्या पैशाची मागणी मोजण्याचे माप, असे म्हणणारे तिचे प्रमुख लॅरी फिंक आता त्याचे समर्थक झाले होते. मार्च २०२४ मध्ये याच संस्थेने अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांत पैसा गुंतविणारा एक फंड ‘इथेरियम’ या सार्वजनिक साखळीवर आणला.

पाठोपाठ कायदाही आला. युरोपीय संघाचे नियम २०२४ अखेर पूर्णतः लागू झाले. १८ जुलै २०२५ रोजी अमेरिकेत स्थिर नाण्यांचा कायदा झाला: प्रत्येक नाण्यामागे तितक्याच मोलाची रोकड, बँकठेव वा अल्पमुदतीचे सरकारी रोखे यांसारखी ठेव असावी, तिचा तपशील दरमहा जाहीर व्हावा आणि नाणे काढणाऱ्याने धारकाला व्याज देऊ नये. नाण्याला सरकारी विमा असल्याचे भासविण्यासही मनाई झाली. पिंपात नाणी आहेत की खिळे, हे तपासण्याचाच हा नवा प्रकार होय.

आपल्या देशातील वाटचाल

भारतीय रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. १ एप्रिल २०२२ पासून या व्यवहारांतील नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करण्यास मज्जाव करण्यात आला. कर भरला म्हणजे सरकारने हमी घेतली, असा समज कोणी करून घेऊ नये. १ डिसेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने मुंबईसह चार शहरांत जनसामान्यांसाठी डिजिटल रुपयाचा प्रयोग सुरू केला. तो मात्र सर्वस्वी निराळा: त्यामागे नोटेप्रमाणेच खुद्द रिझर्व्ह बँक उभी आहे.

उपसंहार

मग त्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर काय? मोठ्या संस्था आल्याने किल्ली सांभाळण्याची व्यवस्था सुधारली, हिशेबाची तपासणी आली, दाद मागण्याची खिडकी उघडली, हे आम्ही मान्य करतो. परंतु नामांकित फंडात ठेवल्याने बिटकॉइनच्या भावाची लाट शांत होत नाही. बुडणारी रक्कम तेथे केवळ व्यवस्थित नोंदली जाते. म्हणून कोणत्याही नव्या नाण्यापुढे तीन प्रश्न विचारावेत: किल्ली कोणाच्या हाती आहे? नाण्यामागे काय ठेवलेले आहे आणि ते कोणी तपासले? आणि काही विपरीत घडले, तर भरपाईस बांधलेला कोण आहे? तिन्ही उत्तरे सरळ मिळाली नाहीत, तर आयुष्यभराची पुंजी तेथे नेऊ नये.

माणसावर विश्वास ठेवण्याची गरजच संपवू, या ईर्ष्येने ही चोपडी लिहायला घेतली गेली होती. विश्वासाची गरज संपली नाही. विश्वासाने फक्त जागा बदलली. गणित नोंदीची राखण करू शकते. पण नोंदीमागचा शब्द माणसालाच पाळावा लागतो. गावच्या पेढीतील पासबुक उघडताना हे आपणा सर्वांना ठाऊक होतेच.