पिशवीवरचा हात

कोपनहेगनचं ब्लेगडाम रुग्णालय, २७ ऑगस्ट १९५२. तुम्ही भिंतीला पाठ टेकून, अंग चोरून उभे आहात. पलंगावर १२ वर्षांची मुलगी. पोलिओनं हातपाय गेलेत, आता श्वासही चाललाय. भोवतीच्या डॉक्टरांना गेल्या तीन आठवड्यांचा हिशेब तोंडपाठ आहे: श्वास अडकलेले ३१ रुग्ण आले, २७ तीन दिवसांत गेले. अख्ख्या इस्पितळात श्वास चालवणारं लोखंडी फुप्फुस एक, छातीवर बसवायची यंत्रं सहा.

साथीच्या दवाखान्यात भूलतज्ज्ञाचं एरवी काय काम? आपल्याकडेही ‘भूल देणारे डॉक्टर’ म्हटलं की ऑपरेशनआधीची सुईच आठवते. पण भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन म्हणतोय, ही माणसं मेंदूतल्या विषाणूनं नव्हे, बाहेर न पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडनं मरताहेत. आणि दुसऱ्याचा श्वास हातानं चालवणं तर त्याचा रोजचाच धंदा.

गळ्याला छेद देऊन नळी बसवली जाते. मुलगी तडफडते, श्वासनलिका आवळते, नळीला जोडलेली हवेची पिशवी दाबली तरी हवा आत शिरेना. बघ्यांतले काही हळूच सटकतात. इब्सेन पेंटोथाल हे भुलीचं औषध टोचतो. धडपड थांबते, तिचा स्वतःचा श्वासही थांबतो. त्याच्या हातातली पिशवी एकदम सैल पडते, आणि छाती उचलते. रंग परततो.

खरी पंचाईत पुढेच. यंत्रं नाहीत, आणि साथ भरात आली की दिवसाला पन्नासेक रुग्ण येणार. मग पिशव्या दाबायला वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना बोलावतात. सरतेशेवटी सुमारे १५०० जण. त्यांत तुम्हीही. कानमंत्र दोन मिनिटांचा: छाती उचलेल एवढंच दाबायचं, सोडायचं, नळीत कफ गुरगुरला की हाक मारायची.

पुढच्या वर्षी इब्सेन याच शहरात अतिदक्षता विभाग उघडेल. हे तुम्हाला ठाऊक आहे, वॉर्डात दुसऱ्या कुणालाच नाही. तुमच्यापुढे आहे फक्त रात्रपाळी आणि एक मुलगा. गळ्यात नळी, त्यामुळे बोलता येत नाही. डोळे मात्र तुमच्यावरून हलत नाहीत. दाबा. सोडा. डाव्या हातानं तुम्ही गोष्टीच्या पुस्तकाचं पान उलटता. त्याच्या भुवया वर जातात: वाच पुढे.

पहाटे पाळी बदलते. नवा विद्यार्थी तुमच्या मुठीवर मूठ ठेवतो, चार-पाच श्वास तुमच्याबरोबर दाबतो. लय त्याच्या हाती गेल्यावर तुम्ही एकेक बोट सोडवून घेता.