रोबो हैदराबादला, परवाना सिंगापूरला

नागपूरहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी हैदराबाद. अंतर साधारण पाचशे किलोमीटर. 2011 मध्ये तिथल्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीत 'मास्टर' नावाचा एक रोबो पहिल्यांदा माणसाच्या पोटात उतरला. तोंडावाटे, एंडोस्कोपच्या टोकावर बसून. त्वचेवर एकही छेद नाही. हैदराबाद आणि हाँगकाँग मिळून पाच रुग्णांवरचे निष्कर्ष 2012 मध्ये छापून आले, लेखकांत डॉ. नागेश्वर रेड्डींचं नाव आहे. रोबो मात्र सिंगापूरचा. नान्यांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीतले इंजिनिअर लुईस फी आणि नॅशनल युनिव्हर्सिटी हॉस्पिटलचे डॉ. लॉरेन्स हो यांनी तो उभा केला, आणि त्याच 2011 मध्ये तो बाजारात नेण्यासाठी 'एंडोमास्टर' ही कंपनी काढली.

पेपर सगळ्यांचा, कंपनी सिंगापूरची. यात अन्याय झाला का? मला आधी तसं वाटलं होतं. कायदा वाचल्यावर मत थोडं बदललं. ते कसं, हे सांगण्यासाठीच ही पोस्ट.

आधी यंत्र समजून घेऊ. जठराचा कॅन्सर अगदी सुरुवातीला, वरच्या थरातच असेल तर तो थर आतूनच सोलून काढता येतो. पण साध्या एंडोस्कोपमधून जाणारं हत्यार नळीच्याच दिशेने पुढे-मागे होतं. एका हाताने कांदा सोलून बघा, म्हणजे अडचण कळेल: धरायचं कशाने आणि कापायचं कशाने? 'मास्टर'ने नळीच्या टोकाला दोन छोटे हात दिले. एक पकडणारा, दुसरा विजेवर कापणारा. एक डॉक्टर एंडोस्कोप सांभाळतो, दुसरा बाजूला बसून हात हलवतो. ही कल्पना सिंगापूरच्या प्रसिद्ध चिली क्रॅबच्या जेवणावर, खेकड्याचे डांगे बघताना निघाली, असं सांगतात. हातांना हालचाल पोचते ती लांब आवरणातून जाणाऱ्या बारीक तारांनी. सायकलच्या ब्रेकची केबल आठवा. केबल वाकली की घर्षण वाढतं आणि मूठ दाबल्यावर ब्रेक जरा उशिरा लागतो. माझी पीएच.डी. याच उशिराच्या आसपासची आहे, म्हणून या रोबोवर जरा जास्तच जीव.

आता कायद्याकडे. शोधपत्रिकेत लेखक कोण, हे कामाच्या वाट्यावरून ठरतं. पेटंटमध्ये संशोधक तोच, ज्याने शोधाची कल्पना मांडली. तयार यंत्र रुग्णावर उत्तम चालवून दाखवणं हे मोठं कौशल्य, मोठी जोखीमही, पण एवढ्यावरून पेटंटवर नाव लागत नाही. भारतात तर आणखी एक गोष्ट. पेटंट कायदा, 1970 च्या कलम 3(i) नुसार शस्त्रक्रियेची पद्धत पेटंट होतच नाही, उपकरण होतं. म्हणजे सर्जनने नवीन रीत शोधली तर ती सगळ्यांची, आणि इंजिनिअरने चिमटा शोधला तर तो मालकीचा. हे तत्त्व मला पटतं. पण त्यामुळे दवाखान्यात होणाऱ्या शोधाचा मोठा भाग हिशेबाबाहेर राहतो, हेही खरं.

विद्यापीठाचा शोध कंपनीला परवान्याने द्यायचा, ही चाल मोठ्या प्रमाणावर रुळली अमेरिकेत, 1980 च्या बाय-डोल कायद्यानंतर. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाची मालकी विद्यापीठाला ठेवता येऊ लागली. मालकी विद्यापीठाची, वापराचा हक्क कंपनीचा, बदल्यात शुल्क आणि रॉयल्टी. शस्त्रक्रियेच्या रोबोंचा इतिहास यातूनच घडला. 'दा विंची'वाली इंट्युइटिव्ह सर्जिकल 1995 मध्ये स्थापन झाली ती एसआरआय या संशोधन संस्थेकडून घेतलेल्या परवान्याच्या जोरावर. पुढे आयबीएम आणि एमआयटीकडूनही तिने परवाने घेतले.

एमआयटीचा भाग आपल्या कामाचा. अखिल मधानी या विद्यार्थ्याने केनेथ सॅलिसबरींकडे पीएच.डी. करताना दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी मनगटासारखी वळणारी हत्यारं बनवली. प्रबंध 1998 चा. पण पेटंटचे अर्ज 1997 मध्येच गेलेले होते. तारखांचा हा क्रम वहीत लिहून ठेवा. आधी अर्ज, मग प्रबंध.

परवाना एकाधिकाराचा असला की पुढे काय होतं, तेही तिथेच दिसतं. कॅलिफोर्नियातलीच कॉम्प्युटर मोशन कंपनी आणि इंट्युइटिव्ह 2000 पासून एकमेकींवर पेटंटचे दावे लावत राहिल्या. एका दाव्यात तर इंट्युइटिव्हच्या बाजूने खुद्द आयबीएम उभी होती. 2003 मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या, खटले मिटले, आणि पुढची कितीतरी वर्षं या बाजारात जवळपास एकच दुकान उरलं. किमतीचं काय झालं ते कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या खरेदी विभागाला विचारा.

दुसरी वाटही होती. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ब्लेक हॅनाफर्ड आणि जेकब रोझेन यांच्या 'रेव्हन' रोबोची दुसरी आवृत्ती 2012 मध्ये इतर विद्यापीठांच्या प्रयोगशाळांना वाटली गेली. सॉफ्टवेअर खुलं, ज्याला बदलायचं त्याने बदलावं. त्यातूनही पुढे कंपनी निघालीच, पण तोवर अनेक विद्यार्थ्यांचे हात त्या यंत्रावर बसले होते.

आपल्याकडे बाय-डोलसारखं विधेयक डिसेंबर 2008 मध्ये राज्यसभेत आलं आणि 2014 मध्ये मागे घेतलं गेलं. त्यामुळे आज मालकी कोणाची हे ज्या त्या संस्थेच्या धोरणावर आणि निधी देणाऱ्याच्या अटींवर ठरतं. ते धोरण पीएच.डी.ला प्रवेश घेतानाच वाचा. कंटाळवाणं असतं, तरी वाचा. नागपूरकरांना तर सबब नाही: पेटंट इन्फर्मेशन सिस्टिम इथे 1980 पासून आहे, आणि पेटंट परीक्षकांना शिकवणारी राष्ट्रीय संस्था सिव्हिल लाइन्समध्ये. आयआयटी मुंबईच्या 'बेटिक' या वैद्यकीय उपकरण केंद्राची शाखा व्हीएनआयटीत निघाली. डॉक्टर आणि इंजिनिअर एका टेबलावर बसवायचे, हाच तिचा मुद्दा.

हे सगळं मला आधी माहीत होतं का? नाही. दुसऱ्या वर्षी एका परिषदेत मी तारेच्या आवरणाची एक रचना पोस्टरवर मांडली. बक्षीसही मिळालं. मग कोणीतरी विचारलं, 'अर्ज केलास का?' तोवर चौदा महिने झाले होते. विद्वत्सभेत वाचलेल्या पेपरला आपल्या कायद्यात सूट आहे, कलम 31 मध्ये, पण बारा महिन्यांची. युरोपात तर तीही नाही; आधी सांगितलं की संपलं. माझंच पोस्टर माझ्या आड आलं. गाईड म्हणाले, 'जाऊ दे, पेपर कर.' केला.

आताच्या कामात एका हॉस्पिटलचे डॉक्टर सोबत आहेत, म्हणून कलम 50 ही वाचलं. पेटंटचे सहमालक असतील तर वेगळा करार नसताना एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही. कॉलेज आणि हॉस्पिटल दोघं मालक झाले आणि पुढे पटलं नाही, तर यंत्र कपाटात. गेल्या आठवड्यात मी डॉक्टरांना सरळ विचारलं, 'सर, टोकाचा कोन बदलायची कल्पना तुमची होती की माझी?' ते हसले, म्हणाले, 'आधी चहा घे.' चहा झाला. मग वहीत त्या दिवसाची तारीख टाकून, कोण काय म्हणालं ते लिहून, खाली दोघांनी सह्या केल्या. कल्पना त्यांची निघाली.