तळटीप : हिवताप, यकृतपेशी आणि स्निग्धांशाची निवडक वसुली

१२. ग्रंथकर्त्याने येथे गडचिरोलीच्या भामरागड व एटापल्ली तालुक्यांतील हिवतापाविषयी लिहिताना, डासाच्या दंशातून शिरलेला परोपजीवी रक्तात उपद्रव मांडण्यापूर्वी यकृतपेशीत मुक्काम करतो, एवढे सांगून विषय आटोपता घेतला आहे. परंतु त्या पेशीच्या पटलावरील जो ग्राहक (रिसेप्टर) या मुक्कामास साहाय्यभूत होतो, त्याचे मूळ कर्तव्य निराळेच असून माझ्या मते तेच अधिक कुतूहलजनक आहे. एसआर-बी१ हा ग्राहक (त्याची कामगिरी १९९६ साली माँटी क्रिगर यांच्या प्रयोगशाळेने उघडकीस आणली) एचडीएल या कोलेस्टेरॉलवाहकाचा कण सबंध गिळंकृत न करता त्यातील कोलेस्टेरॉल-एस्टर तेवढे वेचून घेतो व, बल्लारशाच्या लाकूड-आगारात माल उतरवून गाडी रवाना करावी तसा, उरलेला कण रक्तात परत सोडतो. ऋणभारित फॉस्फोलिपिडांचे कृत्रिम लायपोसोमही (स्निग्धांशाच्या सूक्ष्म पुटिका) त्यास चिकटतात, आणि त्यांतील स्निग्धांशाची तशीच निवडक वसुली होते. एलडीएल या दुसऱ्या कोलेस्टेरॉलवाहकाचा ग्राहक मात्र सबंध कणच आत ओढतो. हिवतापाकडे परत वळायचे तर, एसआर-बी१ रोखल्यास यकृतपेशींतील त्याचा संसर्ग घटतो, असे २००८ सालच्या संशोधनांत दिसून आले. तथापि त्यांतील बरेचसे प्रयोग उंदरांच्या हिवतापावरील असल्याने वाचकाने त्यांवर औषधाची आशा बांधण्याची घाई करू नये, आणि मच्छरदाणी तर मुळीच सोडू नये. — संपादक