लिफ्ट किट व ऑफ-रोड टायर
पिकअप ट्रकची उंची वाढवणाऱ्या सुट्या भागांच्या संचाला लिफ्ट किट म्हणतात. बॉडी लिफ्टमध्ये चासीवर ठोकळे बसवून फक्त बॉडी उचलतात. सस्पेन्शन लिफ्टमध्ये स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर वगैरे बदलल्याने चासीही वर जाते. सलग आसाखालची मोकळी जागा मात्र मोठ्या टायरनेच वाढते, तीही व्यासवाढीच्या निम्मीच. म्हणून टायर आधी ठरवावा आणि त्याला पुरेल एवढीच लिफ्ट घ्यावी. २८५/७० आर १७ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ८३ सेंमी. असतो. चिखलासाठी खोल नक्षीचा मड-टेरेन चांगला, पण डांबरी रस्त्यावर तो आवाज करतो. मिश्र वापराला ऑल-टेरेन बरा. मूळ मापापेक्षा मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटर प्रत्यक्षाहून कमी वेग दाखवतो, तर वाढलेल्या उंचीमुळे गुरुत्वमध्य वर सरकून वळणावर उलटण्याचा धोका वाढतो.